नागपूर, रामटेक, चंद्रपूर: हातोडी आणि भिंग घेऊन

खडक ओळखायला शिकायचं म्हटलं की बहुतेक जण सह्याद्रीकडे निघतात. तिथले घाट देखणे आहेत, पण दिवसभर पायपीट केली तरी हाती येतो तो बेसाल्टच. अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित असे तिन्ही खडक एकाच मुक्कामावरून बघायचे असतील तर नागपूरला यावं. दख्खनच्या काळ्या खडकाची पूर्वेकडची कड या शहरातूनच जाते. पश्चिम नागपूर बेसाल्टवर, पूर्व नागपूर नाइसवर म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडकावर आणि उत्तरेला कामठीकडे गोंडवन काळातला (इथल्या दगडी कोळशाचे थर साठले त्या काळातला) वालुकाश्म. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. मे महिन्यात इथला दगड हातात धरवत नाही.

पिशवीत फार काही लागत नाही: सुमारे किलोभर वजनाची पोलादी हातोडी, डोळ्यांवर चष्मा, दहापट भिंग, पोलादी चाकू, लोहचुंबक, बिनचकाकीच्या फरशीचा तुकडा (बाथरूमच्या टाइलची मागची बाजू चालते), नतिमापक (थरांचा कल मोजणारं साधन) असलेलं होकायंत्र आणि थेंबबाटलीत दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल. दुकानात मिळणारं तीव्र आम्ल साधारण ३६ टक्क्यांचं असतं. त्याच्या एका भागाला तीन भाग पाणी धरावं, आणि आम्ल पाण्यात ओतावं, पाणी आम्लात कधीच नाही. नकाशासाठी सर्वेक्षण विभागाचं ५५ ओ हे पत्रक नागपूर आणि रामटेकला पुरतं, चंद्रपूरला ५६ एम. भूवैज्ञानिक नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर बघायला मिळतात. ते जरूर बघावेत, पण दगड हातात घेऊन वर्णन लिहून झाल्यावर. नकाशा आधी बघितला की डोळे त्यातलंच नाव दगडात शोधू लागतात.

पहिला दिवस: नागपूर शहर

तर्री-पोहे खाऊन काटोल रस्त्याने जुनापाणीला. इथली महापाषाणयुगीन शिलावर्तुळं बेसाल्टच्या धोंड्यांची आहेत. हे संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे हातोडी गाडीतच ठेवावी. शिकण्यासारखं इथे एकच: उन्हापावसात पडलेल्या दगडाचा रंग काही सांगत नाही. हे धोंडे बाहेरून तपकिरी, राखाडी, कुठे दगडफुलाने पांढरट, आणि आतून सगळे एकच.

फोडायचं काम पुढे, बंद पडलेल्या गिट्टीखाणीत, मालकाला विचारून. खाणीच्या कडेला वरपासून खाली बघितलं की क्रम दिसतो: काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे आणि तळाला घट्ट खडक. गोट्याच्या पापुद्र्याला नाव देऊ नये, गाभ्यापर्यंत जावं. हातोडीचा घाव दगडाच्या मध्यावर नाही, कडेवर आणि किंचित तिरका घालायचा. मध्यावर मारलेला घाव उलटून हातात येतो.

ताज्या फुटीवर प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायचे. पहिला कणांचा. अग्निज खडकात कण एक मिलिमीटरपेक्षा बारीक असतील तर तो लाव्हा जमिनीवर झपाट्याने थंडावला, पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असतील तर खोलवर सावकाश. इथले कण भिंगातूनही मुश्किलीने सुटे दिसतात. मधूनच फेल्स्पार या फिकट खनिजाच्या बारीक काड्या चमकतात आणि काडी उन्हात फिरवली की तिच्यावर समांतर रेघा दिसतात, म्हणजे ते प्लॅजिओक्लेज, फेल्स्पारचाच एक प्रकार. दुसरा प्रश्न वजनाचा. तुकडा काट्याला आधी हवेत टांगावा, मग पाण्यात बुडवून. हवेत ८७० ग्रॅम आणि पाण्यात ५७५ भरला तर फरक २९५. ८७० भागिले २९५ म्हणजे घनता २.९५. ग्रॅनाइट २.६५ च्या आसपास असतो. तिसरा प्रश्न लोहचुंबकाचा: दगडाची पूड चुंबकाला चिकटते, कारण त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. एवढं झालं की ‘बेसाल्ट’ लिहायला हरकत नाही. काटेकोर नाव रासायनिक पृथक्करणानंतरच मिळतं: सिलिका ४५ ते ५२ टक्के आणि सोडा-पोटॅश मिळून पाच टक्क्यांपेक्षा कमी.

पोकळ्या भरलेला बेसाल्ट मिळाला तर त्यातल्या पांढऱ्या भरावाला सरसकट ‘गारगोटी’ म्हणण्याची सवय सोडावी. चाकूने ओरखडा उठत नसेल तर ती गारगोटी किंवा तिच्या जातीचं कॅल्सेडनी. ओरखडा उठला आणि आम्लाने फसफसलं तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. ओरखडा उठला पण आम्ल गप्प राहिलं तर बहुधा झिओलाइट.

नवख्यांची हमखास फसगत इथेच होते. काळ्या मातीखालच्या बेसाल्टच्या भेगांत चुन्याच्या कंकराचा पातळ लेप बसलेला असतो. आम्ल टाकलं की दगड फसफसतो आणि वहीत ‘काळा चुनखडक’ अशी नोंद होते. आम्ल नेहमी ताज्या फुटीवर टाकावं आणि फेस कणातून येतो की भेगेतून, हे भिंगातून बघावं.

दुपारी शहराच्या पूर्वेला. इथे जमीन सपाट, उघडा खडक कमी. अशा वेळी नव्या विहिरीतून निघालेला मलबा हा सगळ्यात चांगला नमुना: ताजा, आणि नक्की तिथलाच. रस्त्याकडेची गिट्टी किंवा रेल्वेरुळांखालची खडी मात्र विश्वासाची नाही. ती कुठल्या खाणीतून आली, कोणास ठाऊक.

मलब्यातला तुकडा करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. भिंगातून तीन खनिजं सुटी होतात. काळं, चाकूच्या टोकाने पापुद्रा सुटणारं ते कृष्णाभ्रक, बायोटाइट. उरलेली दोन्ही फिकट, आणि अडचण त्यांचीच. तुकडा उन्हात हळूहळू फिरवावा. एका कोनात एखादा अख्खा कण आरशाने कवडसा पाडावा तसा लखकन चमकतो आणि पुढच्याच कोनात विझतो. तो फेल्स्पार, कारण त्याला सपाट फुटण्याच्या पातळ्या असतात. जो कुठल्याच कोनात असा चमकत नाही, काचेसारखा ओला दिसतो आणि वाकडातिकडा फुटतो, तो क्वार्ट्झ, म्हणजेच गारगोटी. गुलाबी म्हणजे पोटॅश फेल्स्पार आणि पांढरा म्हणजे प्लॅजिओक्लेज हा नियम पुष्कळदा चालतो, पण त्यावर पैज लावू नये.

खनिजं पट्ट्यांत लागली आहेत म्हणून हा नाइस. हीच खनिजं विखुरलेली असती तर ग्रॅनाइट म्हटलं असतं, पण तेही मोजून. समजा क्वार्ट्झ ३०, पोटॅश फेल्स्पार ३५, प्लॅजिओक्लेज २५ आणि अभ्रक १० टक्के. अभ्रक बाजूला काढून उरलेल्या ९० चे शंभर केले की क्वार्ट्झ ३३ येतो, म्हणजे २० ते ६० च्या दरम्यान. एकूण फेल्स्पारमध्ये प्लॅजिओक्लेजचा वाटा ४२ टक्के, म्हणजे १० ते ६५ च्या दरम्यान. दोन्ही अटी जुळल्या की ग्रॅनाइट. प्लॅजिओक्लेज ६५ च्या वर गेलं असतं तर तोच दगड ग्रॅनोडायोराइट ठरला असता. फरशीवाल्याकडे प्रत्येक चकचकीत काळ्या दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरा दिवस: कामठी आणि रामटेक

कन्हान नदीकाठी, सिलेवाड्याच्या बाजूला वालुकाश्म उघडा पडला आहे. कामठी थर म्हणून जी नोंद भूविज्ञानात झाली ती याच परिसरावरून. मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी या भागाच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर १८५५ मध्ये लेख लिहिला, तेव्हापासून इथे भूवैज्ञानिकांची ये-जा आहे.

गाळाच्या खडकाला प्रश्न वेगळे. कण किती मोठे? दोन मिलिमीटरच्या वर खडे-गोटे, त्याखाली ०.०६ मिलिमीटरपर्यंत वाळू, मग ०.००४ पर्यंत गाळवट, त्याहून बारीक ती चिकणमाती. गाळवट आणि चिकणमाती भिंगालाही वेगळी दिसत नाहीत. तिथे जुनी युक्ती उपयोगी पडते: चिमूटभर पूड दातांत धरायची, कचकचली तर गाळवट, लोण्यासारखी गेली तर चिकणमाती. वाळूसाठी मोजपट्टी घरीच करता येते. २, १, ०.५, ०.२५ आणि ०.१२५ मिलिमीटरच्या चाळण्यांतून वाळू चाळून प्रत्येक मापाचे कण पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवायचे आणि पुठ्ठा दगडाशेजारी धरून भिंगातून ताडायचं.

मग कण गोल आहेत की कोनदार, एकाच मापाचे की मिसळलेले. शेवटी ते कशाने जोडले गेलेत: आम्लाने फेस आला तर चुन्याने, गंजाचा तपकिरी-लाल रंग असेल तर लोहाने, चाकूलाही दाद देत नसेल तर सिलिकेने. इथे बराचसा खडक लोहाने जोडलेला आणि तपकिरी. बोटाने घासलं तर वाळू हातात येते. कणांत फेल्स्पार पाव हिश्शापेक्षा जास्त भरला तर त्याला आर्कोज म्हणतात. पण कामठीचा फेल्स्पार पुष्कळदा कुजून केओलिन या पांढऱ्या मातीच्या ठिपक्यांत बदललेला असतो. ते ठिपके मोजायचे राहिले तर नाव चुकतं.

काही कड्यांवर तिरपे थर दिसतात. वरच्या बाजूला ते तोडल्यासारखे संपतात आणि खालच्या बाजूला वळून निमुळते होत टेकतात. प्रवाह तिरपेपणाच्या उताराच्या दिशेने वाहत होता आणि तुटलेली बाजू ही त्या काळची वरची बाजू. उलथलेल्या थरांच्या प्रदेशात ही खूण सोन्याच्या मोलाची.

दुपारी रामटेकला. टेकडीचा खडक क्वार्टझाइट आहे, पांढरा ते गुलाबीसर. हाही एके काळी वालुकाश्मच होता. सकाळचा तुकडा शेजारी ठेवून बघावं. कामठीचा दगड कणांना वळसा घालून फुटतो, म्हणून फूट खरखरीत. रामटेकचा कणांना चिरत फुटतो, म्हणून फूट गुळगुळीत, काचेसारखी. भिंगातून त्यात अभ्रकाचे एका दिशेला लागलेले बारीक पत्रे दिसतात. दाब आणि उष्णतेचा हा पुरावा. नुसत्या सिलिकेने घट्ट झालेला वालुकाश्मही कणांना चिरत फुटतो, त्यामुळे एकट्या फुटीवर भरवसा ठेवू नये, अभ्रक आणि आसपासचे खडकही बघावेत. मंदिर परिसरात अर्थातच हातोडी चालवायची नाही. टेकडीच्या पायथ्याला सुटे तुकडे भरपूर पडलेले असतात.

तिसरा दिवस: मनसर आणि देवलापार

मनसर हे मॅंगनीजचं गाव. खाण मॉइल या १९६२ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीची. आत जायला लेखी परवानगी लागते. हेल्मेट आणि बूट नसतील तर दारातूनच परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे.

इथे हाताला सगळं काळं लागतं, म्हणून रंग बाजूला ठेवून फरशीवर घासण्याची चाचणी: घासून उमटणाऱ्या रेघेचा रंग म्हणजे कस. पायरोल्युसाइटचा, म्हणजे मॅंगनीज डायऑक्साइडचा, कस काळा, बोटंही काळी करणारा. ब्राउनाइट या दुसऱ्या मॅंगनीज खनिजाचा तपकिरी-काळा, आणि ते चाकूने ओरखडत नाही. हेमॅटाइट हे लोहखनिज कितीही काळं दिसलं तरी कस लालच. औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं तर मॅंगनीज डायऑक्साइडवर जोरात बुडबुडे येतात. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र या धातुकावर (धातू असलेल्या दगडावर) टाकून वास घेऊ नये, क्लोरीन सुटतो.

धातुकाशेजारचा जड, नारिंगी-तपकिरी, दाणेदार खडक म्हणजे गोंडाइट: क्वार्ट्झ आणि मॅंगनीजयुक्त तामडा (गार्नेट). भूवैज्ञानिक लुइस फर्मर यांनी १९०९ च्या आपल्या मॅंगनीजवरील ग्रंथात त्याला हे नाव दिलं. वरून काळ्या ऑक्साइडचा थर चढलेला असल्याने न फोडता तो धातुकातच जमा होतो. फोडला की आतले तामड्याचे गोलसर दाणे दिसतात. चाकू त्यांच्यावर नुसता पोलादाची रेघ ओढतो. ती रेघ ओरखडा नाही, थुंकी लावून पुसली की जाते. कठीणपणा बघताना ही चूक फार होते.

पुढे जबलपूर रस्त्याने देवलापारला. इथे संगमरवर आहे आणि बराचसा डोलोमाइटी. ताज्या फुटीवर थंड आम्लाचा थेंब टाकला तर जवळजवळ काहीच होत नाही. चाकूने खरवडून पूड करावी आणि पुन्हा थेंब टाकावा: पाच-दहा सेकंदांत बारीक फेस येऊ लागतो. हा डोलोमाइट. जिथे पूड न करताच खळखळून फेस येतो तिथे कॅल्साइट. एकाच हातभर तुकड्यात दोन्ही असू शकतात, म्हणून थेंब तीन-चार ठिकाणी टाकावा. पांढरा संगमरवर आणि पांढरा क्वार्टझाइट यांत गोंधळ झाला तर चाकू पुरेसा: संगमरवर कापला जातो, क्वार्टझाइट नाही.

भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात देवलापारचे थर दूरवरून सरकून येऊन दुमडल्याचं मांडलं. रस्त्याकडेच्या एकाच कड्यावर ते दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी नतीची दिशा आणि कोन नोंदवत गेलं की नकाशावर घड्या हळूहळू उमटतात. होकायंत्राजवळ हातोडी ठेवू नये, सुई भरकटते.

इथूनच एक काळा, जड, बारीक कणांचा तुकडा घ्यावा. दिसायला पहिल्या दिवशीचा बेसाल्टच, पण नाइसच्या पट्ट्यांना समांतर लागलेला. त्याचा निकाल प्रयोगशाळेत.

चौथा दिवस: भंडारा, साकोली

दिवस लांबचा, थांबे थोडे. नागपूरहून साकोली सुमारे शंभर किलोमीटर. साकोली गटाचे खडक देवलापारपेक्षा कमी तापलेले. इथे फिलाइट आणि क्लोराइट शिस्ट. क्रम लक्षात ठेवायचा: स्लेटमध्ये कण दिसत नाहीत आणि पृष्ठ निस्तेज, फिलाइटमध्येही कण दिसत नाहीत पण पृष्ठावर रेशमी झाक, शिस्टमध्ये अभ्रकाचे पत्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, नाइसमध्ये पट्टे पडतात. हिरवट झाक क्लोराइट या खनिजाची, म्हणजे कमी तापमान. भंडारा जिल्ह्यातल्या पोहरा, गारकाभोंगा भागांत कायनाइट आणि सिलिमनाइट मिळतं. कायनाइटची निळसर पट्टी लांबीच्या दिशेने चाकूने ओरखडते आणि आडवी ओरखडत नाही. एकाच स्फटिकाचे दोन कठीणपणे इतक्या सहज तपासता येतील असं दुसरं खनिज या वाटेवर नाही.

पाचवा दिवस: पिजदुरा आणि चंद्रपूर

पहाटे निघावं, चंद्रपूर दीडशे किलोमीटर. वाटेत वरोऱ्याजवळ पिजदुरा: लाव्हा येण्याआधीचे लॅमेटा थर, लालसर चिकणमाती आणि चुन्याचे गोटे. डायनोसॉरची हाडं आणि विष्ठाश्म इथलेच. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या विष्ठाश्मांमध्ये गवताचे सिलिकाकण सापडल्याचं दाखवलं गेलं आणि गवताचा इतिहास डायनोसॉरांच्या काळापर्यंत मागे गेला. शेतात असा गोटा दिसला तर फोटो, जागेची नोंद आणि तिथेच ठेवणं. उचललेल्या जीवाश्माचा थर हरवतो, आणि थराविना तो नुसता गोटा.

चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगा चुनखडक: राखाडी, पातळ थरांचा, इतका बारीक कणांचा की फूट शिंपल्यासारखी वळते. याच्यावरच इथले सिमेंट कारखाने उभे आहेत. शिंपल्यांचे जीवाश्म त्यात शोधू नयेत, कवचधारी प्राणी यायच्या आधीचा हा गाळ. चुनखडक किती शुद्ध, ते घरी कळतं: दहा ग्रॅम पूड आम्लात फेस थांबेपर्यंत विरघळवा, गाळणकागदावर गाळ धरून धुवा, वाळवा, तोला. २.३ ग्रॅम उरला तर २३ टक्के माती-वाळू, म्हणजे मातकट चुनखडक.

पैनगंगेच्या पात्रात इरई गावाजवळ याच चुनखडकाचा पृष्ठभाग गुळगुळीत घासलेला आणि समांतर ओरखड्यांचा असल्याचं भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांनी १८७० च्या दशकात नोंदवलं. वर तालचीर थरांतले बारीक गाळात विखुरलेले लहानमोठे गोटे. २९-३० कोटी वर्षांपूर्वी इथे हिमनदी होती, त्याचा हा पुरावा. नदीला पाणी असेल तर काहीच दिसत नाही. गोटे बघताना कोन झिजलेले, सपाट बाजूंचे आणि त्या बाजूंवर रेघा असलेले शोधावेत. निव्वळ नदीने आणलेला गोटा सगळीकडून गोल असतो.

त्यावरचे बराकर थर कोळशाचे. दगडी कोळसा आणि कार्बनी शेल यांतला फरक हातातच कळतो: कोळसा हलका, घनता १.३ ते १.५, त्यात चकचकीत आणि मंद पट्टे आलटून पालटून. शेल जड, एकसारखा मंद, पापुद्र्यांनी सुटणारा. पापुद्रे सोडवताना मध्यशिरेचं, जाळीदार शिरांचं जिभेच्या आकाराचं पान दिसलं तर ते ग्लोसोप्टेरिस, त्या काळची लुप्त वनस्पती.

सहावा दिवस: परत नागपुरात

आता पातळ छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप. तुकड्याची चिप करवतीने कापून एक बाजू २२०, ४००, ६०० आणि १००० नंबरच्या कार्बोरंडम या घासणाऱ्या पुडीवर घासायची, इपॉक्सीने काचपट्टीवर चिकटवायची आणि दुसरी बाजू घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणायची. मोजपट्टी क्वार्ट्झच: ध्रुवित सूक्ष्मदर्शकाच्या आडव्या निकोलांत (एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमध्ये) तो पिवळा दिसला तर छेद अजून जाड आहे, करडा-पांढरा दिसला की थांबायचं. नंबर बदलताना काच आणि हात नीट धुतले नाहीत तर जाड कण पुढच्या टप्प्यात येतात आणि शेवटच्या मिनिटाला छेद उपटतो. इपॉक्सीत हवेचा बुडबुडा राहिला तर त्या जागचे कण निसटतात.

देवलापारचा काळा तुकडा इथे बोलतो. बेसाल्टच्या छेदात प्लॅजिओक्लेजच्या काड्यांची आडवीतिडवी जाळी आणि मधल्या जागेत पायरॉक्सीन हे गडद खनिज, ज्याच्या सपाट फुटण्याच्या दोन पातळ्यांतला कोन जवळपास ९० अंश. देवलापारच्या छेदात एकाच दिशेला लागलेले हिरवे-तपकिरी स्फटिक, सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवला की रंग बदलणारे, फुटींचा कोन ५६ आणि १२४ अंश. ते हॉर्नब्लेंड, आणि खडक अॅम्फिबोलाइट: एके काळचा बेसाल्टी खडक, नाइसबरोबर तापून दाबला गेलेला. वहीत ‘बारीक कणांचा काळा खडक, नाइसला समांतर, घनता ३.०’ अशी नोंद असेल तर तिच्याखाली नवं नाव लिहायचं आणि जुनी ओळ खोडायची नाही.

नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन, तो वाळल्यावर त्यावर क्रमांक लिहावा. कागदी चिठ्ठी एकटी भरवशाची नाही, पिशवीत दगड घासून तिचा भुगा होतो.